नोव्हेंबरात मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला, तर कॉलेज फुटबॉलच्या संघाचा हंगाम संपला असं समजायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओहायोतल्या कोलंबसला शिकायला आलात, हा खेळ (अमेरिकन फुटबॉल) पहिल्यांदाच बघताय, वर्गातली मुलं सारखी '2014, 2014' करतात. तर क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा आणि संघाची चढाई चालवणारा खेळाडू, ऐन नोव्हेंबरात जायबंदी झाला तरी संघ काही करू शकतो का, आणि नावही न ऐकलेले बदली खेळाडू हंगामाच्या शेवटी कुठून उगवतात? शिवाय हातात असलेलं नोव्हेंबरच्या सामन्याचं तिकीट विकू का, हेही विचारलंय.

मी या गावात बरीच वर्षं आहे आणि ओहायो स्टेट या इथल्या विद्यापीठाच्या संघाच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनशी सामना असलेल्या आठवड्यात विद्यापीठातल्या पाट्यांवरचं इंग्रजी 'एम' अक्षर लाल पट्टीनं खोडतात, हे वेड तुम्हाला दिसेलच. त्या शनिवारी इथले मराठी लोकसुद्धा बारसं-वाढदिवस ठेवायला बिचकतात.

तर उत्तर. हंगाम संपत नाही. पण बदली क्वार्टरबॅक किती चांगला आहे, यावर ते फारसं ठरत नाही. त्याच्या पुढ्यात जे पाच धिप्पाड गडी उभे असतात, ज्यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात, ती फळी त्या वेळी कशी खेळतेय यावर ठरतं. टीव्हीवर त्यांचं नाव फक्त चूक झाल्यावर निघतं, म्हणून सगळा चमत्कार बदली पोराच्या नावावर जमा होतो.

आता ते 2014. ऑगस्टमध्ये सरावातच मुख्य क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा गेला आणि अख्खा हंगाम बुडाला. त्याच्या जागी आला जे. टी. बॅरेट, तोवर कॉलेजच्या सामन्यात एकदाही न खेळलेला. दुसऱ्याच सामन्यात व्हर्जिनिया टेकनं घरच्या मैदानावर 35-21 असं हरवलं. बॅरेटला त्या रात्री सात वेळा चेंडूसकट जमिनीवर आडवं केलं. लोक बॅरेटला बोल लावत होते, पण खरी गोम लाइनमध्ये होती. पाचांपैकी चौघे नवीन होते, आणि जुना एकटा टेलर डेकर, त्यालाही उजवीकडून डावीकडे हलवलेलं. त्यातला बिली प्राइस तर मुळात बचावफळीतला, इकडे आणून बसवलेला.

पुढच्या दोन महिन्यांत हीच फळी घट्ट होत गेली. 8 नोव्हेंबरला मिशिगन स्टेटला त्यांच्या घरी 49-37 हरवलं. पुढच्या शनिवारी मिनेसोटात बर्फ पडत होता, तापमान उणे 9 च्या आसपास, तिथे बॅरेट 86 यार्ड पळत सुटला. आणि मग 29 नोव्हेंबरला, मिशिगनविरुद्ध, सामन्याच्या चौथ्या म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये बॅरेटचा घोटा मोडला. सामना 42-28 जिंकला, पण स्टेडियममध्ये लाखावर माणसं असूनही तेव्हा जी शांतता पसरली, तिची गोष्ट इथले लोक अजून सांगतात.

उरला कार्डेल जोन्स. तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक. त्याची तोवरची ख्याती म्हणजे 2012 मध्ये त्यानं केलेलं एक ट्वीट: आम्ही इथे फुटबॉल खेळायला आलोय, मग वर्गात कशाला बसायचं, अशा अर्थाचं. (पुढे 2017 मध्ये त्यानं पदवी पूर्ण केली, आणि पदवीदानाच्या टोपीवर त्याच वाक्याची थट्टा लिहून आला. माणूस मला त्या दिवसापासून फार आवडतो.) त्याचा पहिला पूर्ण सामना हा थेट बिग टेनचा (ही आपली परिषद, म्हणजे विद्यापीठांचा गट) विजेतेपदाचा सामना, 6 डिसेंबर, इंडियानापोलिस, समोर विस्कॉन्सिन. सट्टेवाल्यांनी विस्कॉन्सिनला वरचढ धरलं होतं. निकाल लागला 59-0.

जोन्सनं त्या दिवशी 257 यार्ड फेकले, तिन्ही टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळणारे गुण) डेव्हिन स्मिथला, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच दिवशी चेंडू घेऊन पळणारा इझेकिएल एलियट 220 यार्ड पळाला. मग साखळीच बघा: शुगर बोल या उपांत्य सामन्यात अलाबामाविरुद्ध 230 यार्ड, सामना 42-35 जिंकला. 12 जानेवारी 2015 ला अंतिम सामन्यात ऑरेगनविरुद्ध 246 यार्ड आणि चार टचडाउन, 42-20. तीन सामन्यांत एकट्या एलियटचे 696 यार्ड. इतकं पळायला वाट कोणीतरी करून दिलेली असते. जोन्सचा हात तोफेसारखा होता यात वाद नाही, पण त्याच्या पुढे सप्टेंबरातली लाइन असती तर विस्कॉन्सिननं त्याला उभंही राहू दिलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या फळीतल्या पॅट एल्फ्लाइनची गोष्ट तर बदली खेळाडू म्हणजे काय ते नेमकं सांगते. 2013 मध्ये मिशिगनच्या मैदानावर हाणामारी झाली आणि आपला एक गार्ड (लाइनमधल्या मधल्या गड्याच्या शेजारचा) मार्कस हॉल पंचांनी बाहेर काढला. तो प्रेक्षकांना दोन्ही हातांची मधली बोटं दाखवत गेला, तो फोटो गाजला. त्याच्या जागी पाठवलेल्या एल्फ्लाइनचा फोटो कोणी काढला नाही. सामना 42-41 असा एका गुणानं जिंकला. एल्फ्लाइनला पुढे 2016 मध्ये देशातल्या सर्वोत्तम सेंटरची (लाइनच्या मधोमध उभ्या गड्याची) रिमिंग्टन ट्रॉफी मिळाली, आणि 2017 मध्ये तीच बिली प्राइसला.

आता बदली खेळाडू 'उगवतात' कुठून. मोठ्या संघात शंभरेक पोरं असतात. 2025 पासून बहुतेक मोठ्या विद्यापीठांना 105 ची मर्यादा आहे. क्रिकेटमधल्या बाराव्या गड्यासारखं पाणी घेऊन पळण्यापुरतं त्यांचं काम नसतं. दर आठवड्याला राखीव पोरांची एक फळी पुढच्या प्रतिस्पर्ध्याची हुबेहूब नक्कल करते आणि मुख्य संघ तिच्याशी सराव करतो. म्हणजे तुम्ही ज्याचं नाव नोव्हेंबरात ऐकता, तो ऑगस्टपासून रोज देशातल्या चांगल्या खेळाडूंच्या अंगावर जात असतो. फक्त ते तिकिटावर दिसत नाही.

दुसरं कारण नियमाचं आहे आणि ते कमी लोक सांगतात. खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. 2018 च्या आधी एका स्नॅपपुरता, म्हणजे एका खेळीपुरता जरी मैदानात उतरला तरी हंगाम खर्ची पडायचा, म्हणून प्रशिक्षक नवख्यांना हात लावत नसत. 2018 पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही तो हंगाम मोजला जात नाही. साहजिकच शहाणे प्रशिक्षक पहिल्या वर्षाच्या पोरांचे हे चार सामने सप्टेंबरात उधळत नाहीत, नोव्हेंबरसाठी राखून ठेवतात. तोवर पोरगं दोन महिन्यांच्या व्यायामानं भरलेलं असतं आणि मुख्य खेळाडू थकलेले, दुखावलेले असतात. तुम्हाला शेवटी शेवटी नवी नावं दिसतात त्यामागे बऱ्याचदा हा साधा हिशेब असतो.

या नियमाचा पहिला मोठा तमाशा त्याच वर्षी क्लेमसनमध्ये झाला. चार सामन्यांनंतर ट्रेव्हर लॉरेन्स या पहिल्या वर्षाच्या पोराला मुख्य जागा दिली. आधीचा क्वार्टरबॅक केली ब्रायंट चारच सामने खेळला होता, त्यामुळे हंगाम वाचवून तो सरळ संघ सोडून गेला. आणि लगेचच्या शनिवारी, सिरॅक्यूजविरुद्ध, लॉरेन्स जखमी! मैदानात उतरला चेस ब्राइस, ज्याच्याकडे आठवडाभरापूर्वी कोणी बघतही नव्हतं. शेवटच्या क्वार्टरमध्ये 94 यार्डांची चढाई, त्यात चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, सहा यार्ड हवे असताना टी हिगिन्सला 20 यार्डांचा पास. 27-23. लॉरेन्स पुढच्या सामन्याला परत आला आणि क्लेमसन 15-0 राहून विजेता झाला. ब्राइसनं तेवढा एक शनिवार सांभाळला. हंगामाच्या हिशेबात तेवढं पुरतं.

पण दर वेळी 2014 होत नाही, हे वर्गातल्या मुलांना सांगा. 2023 ची फ्लोरिडा स्टेट घ्या. 18 नोव्हेंबरला जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. पुढच्या सामन्यात टेट रोडमेकरनं फ्लोरिडाला 24-15 हरवलं, त्यात त्याच्याही डोक्याला मार लागला. मग परिषदेच्या अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाचा ब्रॉक ग्लेन, म्हणजे हाही तिसऱ्या क्रमांकाचाच. त्यानं 21 पैकी 8 पास पूर्ण केले, अवघे 55 यार्ड. तरीही बचावफळीच्या जोरावर लुइव्हिलला 16-6 हरवलं आणि संघ 13-0 राहिला. प्लेऑफचे, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीचे, संघ ठरवणाऱ्या निवड समितीनं मात्र त्यांना पाचव्या क्रमांकावर ढकललं. त्या वेळी चारच संघ प्लेऑफला जात. 2014 मध्ये याच समितीनं तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकचा 59-0 बघून ओहायो स्टेटला पाचव्यावरून चौथ्यावर घेतलं होतं, आणि टीसीयूला (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाला) 55-3 जिंकूनसुद्धा तिसऱ्यावरून सहाव्यावर फेकलं होतं. थोडक्यात, बदली खेळाडू जिंकला एवढं पुरत नव्हतं, तो कसा जिंकला हे बघत होते.

मला तो निर्णय तेव्हाही अन्यायाचा वाटला, आजही वाटतो. लोक म्हणतात, पण नंतर ऑरेंज बोल या हंगामाखेरच्या सामन्यात जॉर्जियानं त्यांना 63-3 धुतलं ना! अहो, त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे डझनाहून अधिक खेळाडू उतरलेच नव्हते, कोणी व्यावसायिक लीगची वाट धरलेली, कोणी दुसऱ्या विद्यापीठाची. त्यावरून डिसेंबरातला संघ कसा होता ते कळत नाही.

2024 पासून प्लेऑफला बारा संघ जातात, त्यामुळे एक दुखापत किंवा एक हार म्हणजे शेवट, असं आता राहिलं नाही. याचं सगळ्यात मोठं उदाहरण पुन्हा इथलंच. त्या वर्षी ऑक्टोबरात ऑरेगनच्या मैदानावर आपला डावा टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा गडी, जॉश सिमन्स जखमी झाला. नोव्हेंबरात सरावात सेंटर सेथ मॅक्लॉफ्लिनची टाच गेली. डॉनोव्हन जॅक्सनला गार्डवरून टॅकलला हलवलं, त्याच्या जागी आलेल्या कार्सन हिंझमनला पुढे सेंटरला नेलं, आणि गार्डच्या जागेवर राखीव पोरं. 30 नोव्हेंबरला घरच्या मैदानावर मिशिगननं 13-10 हरवलं तेव्हा इथे प्रशिक्षकाला काढा म्हणून ओरड सुरू झाली होती. मधला रस्ता बंदच झाला होता, चेंडू घेऊन पळायला जागाच नव्हती. तीच ठिगळं लावलेली लाइन डिसेंबरात उभी राहिली: टेनेसी 42-17, ऑरेगन 41-21, टेक्सस 28-14, आणि 20 जानेवारी 2025 ला अटलांटात नोटर डेम 34-23. शेवटी तिसऱ्या डाउनला 11 यार्ड हवे असताना विल हॉवर्डनं जेरेमाया स्मिथला 56 यार्डांचा पास दिला. तो पास सगळ्यांना आठवतो. तो फेकायला वेळ कोणी मिळवून दिला, ते तुम्ही मुद्दाम परत बघा.

त्याच हंगामात जॉर्जियाची उलटी गत झाली. परिषदेच्या अंतिम सामन्यात कार्सन बेकचं कोपर गेलं, गनर स्टॉकटननं उरलेला सामना ओढून 22-19 जिंकून दिला. अतिरिक्त वेळेत त्याचं हेल्मेट उडालं, नियमानं एका खेळीपुरतं बाहेर जावं लागलं, तर दुखऱ्या हाताचा बेक फक्त चेंडू हातात द्यायला मैदानात आला आणि त्याच खेळीत टचडाउन झालं. पण प्लेऑफमध्ये नोटर डेमसमोर जॉर्जियाला पळायला जागाच मिळाली नाही, 23-10 हरले. स्टॉकटन वाईट खेळला म्हणून नाही.

एक गोष्ट मात्र बदललीय. जोन्ससारखा तिसऱ्या क्रमांकाचा गुणी पोरगा आज वाट बघत थांबेल का? ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) 2018 मध्ये आलं आणि विद्यापीठ बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसायची अट 2021 मध्ये पहिल्या बदलीपुरती आणि 2024 मध्ये पुढच्या बदल्यांसाठीही गेली. आता बहुतेक जण वर्षभरात दुसरीकडे मुख्य जागा शोधतात. स्टॉकटन तीन हंगाम थांबला ही अपवादाची गोष्ट. म्हणून आजच्या संघाचा अंदाज बांधताना दुसरा क्वार्टरबॅक नुसता आहे का हे बघून भागत नाही, तो या प्रशिक्षकांकडे किती काळ आहे तेही बघावं लागतं.

राहिलं तिकीट. विकू नका. विशेषतः सामना दुबळ्या संघाशी असेल तर अजिबात नको. आघाडी तीन-चार टचडाउनची झाली की लोक थंडीनं उठून जातात, आणि नेमकी तेव्हाच राखीव फळी मैदानात येते. चौथ्या क्वार्टरला चेंडूकडे न बघता लाइनच्या डाव्या टोकाकडे बघत बसा, पायात दोन जोड मोजे घालून या, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्या पोराचा नंबर शोधून त्याचं नाव लक्षात ठेवा.