विमान कंपनीचं व्यवस्थापन म्हणतंय ‘पगार आणि कामाच्या अटींचा नवा करार मंजूर करा’. अमेरिकेतल्या वैमानिकांनी नकार दिला तर काय होतं?

लगेच संप होत नाही, पगारही थांबत नाही. तिथे विमान कंपन्यांना रेल्वे लेबर ॲक्ट हा रेल्वेसाठीचा कामगार कायदाच लागू आहे. त्यामुळे नवा करार होईपर्यंत जुनाच चालू राहतो. मसुदा फेटाळला की दोन्ही बाजू पुन्हा वाटाघाटीला बसतात. गाडं अडलं तर नॅशनल मीडिएशन बोर्ड ही सरकारी संस्था मध्यस्थी करते. बोर्डाने मध्यस्थी संपवून दोन्ही बाजूंना मोकळं केल्यावरही ३० दिवस थांबावं लागतं, मगच संप. बोर्ड मोकळं कधी करेल याला मात्र कायद्यात मुदत नाही, आणि व्यवस्थापनाची खरी ताकद या लांबणीतच आहे.

व्यवस्थापनाचं ‘यापेक्षा चांगलं मिळणार नाही’ हे वाक्य जसंच्या तसं मानू नका. युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांनी २०२२ मध्ये मसुदा प्रचंड बहुमताने फेटाळला. २०२३ मध्ये मंजूर झालेला करार कितीतरी सरस होता. पण तेव्हा वैमानिकांची टंचाई होती. मंदीत हाच नकार महागात पडू शकतो.

मत देण्याआधी सारांशपत्रक बाजूला ठेवा, मूळ मसुदा वाचा. स्वतःचे तीन महिन्यांचे रोस्टर घ्या: एक गर्दीचा महिना, एक मंद, एक राखीव ड्यूटीचा (गरज पडली तर बोलावणं येतं तो). नव्या नियमांनी प्रत्येकाचा पगार आणि सुट्ट्या मोजा. ताशी दर वाढूनही किमान हमीचे तास (उड्डाणं कमी असली तरी ज्यांचा पगार मिळतोच ते) कमी झाले, तर मंद महिन्यात हाती फारसं जास्त येत नाही. वाढीव पगाराची मागील थकबाकी मिळणार का, कोणत्या तारखेपासून, हेही तपासा. आणि ‘कंपनीला आवश्यक वाटल्यास’ असे शब्द दिसले की त्या कलमाबद्दल युनियनच्या वाटाघाटी समितीला लेखी विचारा.