पंचायतीच्या दारातून : ठराव झाला, पुढे काय?

(हे सदर लिहिणारे ३१ वर्षं वेगवेगळ्या गावांत पंचायत सचिव होते. पत्रं थोडी आखडून छापली आहेत.)

सचिवकाका, ऑक्टोबर २०२५ च्या ग्रामसभेत आम्ही गावच्या डोंगरउताराची जागा सेटलमेंट झोनमध्ये (म्हणजे वस्तीच्या बांधकामाला मोकळ्या पट्ट्यात) घालायला एकमताने विरोध केला. ठराव झाला, टाळ्याही झाल्या. आता कळतं की नगरनियोजन खात्यात फाईल चालूच आहे. मग ग्रामसभेला अर्थ तरी काय?
– एक वाचक, बार्देश

टाळ्या झाल्या आणि सगळे जेवायला घरी गेले, होय ना? रविवारच्या ग्रामसभेचं असंच होतं. दीडच्या सुमाराला नुस्त्याच्या हुमणाची (माशाच्या आमटीची) आठवण आली की मागच्या खुर्च्या रिकाम्या होतात आणि सचिव शेवटचा ठराव दोन ओळींत उरकतो. दोष सचिवाचा म्हणा. मीही तसंच केलंय.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. पंचायत चालते १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्यावर. जमीन कुठल्या झोनची हे ठरतं १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यावर. ग्रामसभेचा ठराव पंचायतीला बांधून घ्यायला उपयोगी पडतो, पण झोन बदलणारा माणूस तुमच्या पंचायतघरात बसतच नाही, तो पणजीत बसतो. त्याच्या टेबलावर तुमचा विरोध त्याला वाचता येईल अशा भाषेत गेला नाही, तर त्याच्या दृष्टीने तो झालाच नाही.

मी लिहिलेला एक ठराव सांगतो. गाव सांगत नाही. ‘सदर प्रकल्पास ग्रामसभेचा तीव्र विरोध आहे’ एवढाच होता. ‘तीव्र’ हा शब्द एका पंचाने मुद्दाम घालायला लावला होता. तो कागद घेऊन मी तालुक्याच्या कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, कुठला प्रकल्प? सर्व्हे नंबर कुठला? विरोध कशासाठी? माझ्याकडे तिन्हीची उत्तरं नव्हती. परतीच्या बसमध्ये मला माझीच लाज वाटली.

तेव्हापासून मी ठराव असा लिहायचो : सर्व्हे नंबर व उपविभाग, सोबत एक-चौदाचा उतारा (जमिनीचा धारक कोण हे सांगणारा, तुमच्या सातबारासारखा कागद). जागेचा उतार किती, कारण प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये २५ टक्क्यांहून जास्त उताराची जागा बांधकामाला वर्ज्य धरली आहे. खाली झर आहे का, मे महिन्यात कुणाच्या विहिरी आटतात, गावात टँकर किती येतात, रस्ता किती मीटर रुंद. तीव्र-बिव्र काही नाही.

आता कायद्याचं. २०२३ मध्ये नियोजन कायद्यात १७(२) हे कलम आलं. ‘चुका दुरुस्त करायच्या’ म्हणून एकेका मालकाच्या अर्जावर झोन बदलत गेले आणि गावाला आधी विचारायची सोयच नव्हती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले. तोवर २०२४ मध्ये त्याच कायद्यात झोन बदलायचं दुसरं कलम, ३९-अ, आलेलं होतं. यात निदान राजपत्रात सूचना काढून लोकांना ३० दिवस हरकती मांडायची मुभा आहे. मला हे कलमही आवडत नाही, उघड सांगतो. प्रादेशिक आराखडा गावोगावी नकाशे लावून, लोकांना विचारून केला होता. आमच्या पंचायतीच्या भिंतीवर तो नकाशा होता आणि म्हातारे शेतकरी त्यावर बोट ठेवून आपली मेर (शेताची हद्द) शोधायचे. तो एकेका अर्जावर पुसायचा, हे मला पटत नाही. पण ते ३० दिवस हातात आहेत तर वाया का घालवायचे?

तेव्हा राजपत्रातल्या सूचनेची तारीख शोधा. ठरावाची प्रमाणित प्रत सचिवाकडून लेखी मागून घ्या, पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून होईपर्यंत थांबू नका. ती प्रत जोडून पंचायतीकडून हरकत पाठवा, आणि शिवाय घरटी वेगळी हरकत द्या. शंभर सह्यांच्या एका कागदापेक्षा शंभर कागद बरे, कारण प्रत्येकाला आवक क्रमांक पडतो.

झोन बदललाच, तरी बांधकाम परवाना पंचायतीकडेच मागावा लागतो. तिथे पुन्हा सावध. पंचायतीने ३० दिवसांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार पंचायत खात्याच्या उपसंचालकांकडे अपिलात जातो. आमचे पंच लोकांच्या भीतीने अर्ज नुसता ‘पुढच्या सभेत’ म्हणून ढकलतात आणि मुदत संपली की वरून आदेश येतो. मग ‘आम्ही काय करणार?’ म्हणायला मोकळे. नाकारायचं असेल तर कारणं लिहून वेळेत नाकारा म्हणावं.

आमचं घर सरकारी जागेत आहे. बाबांच्या नावावर १९९१ पासून घरपट्टी भरतो, सगळ्या पावत्या आहेत. म्हणजे घर अधिकृतच ना?
– एक गृहिणी, सत्तरी

नाही हो ताई. घरपट्टी हा कर आहे, मालकीचा दाखला नव्हे. पंचायत घरपट्टी घेते म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही, हे मी काऊंटरवर किती जणांना सांगितलं असेल याची गणती नाही. आणि दर वेळी समोरचा माणूस माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघायचा : पैसे घेता, मग घर मानत कसं नाही?

पण पावत्या टाकू मात्र नका. २०२५ मध्ये सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करून सरकारी जागेतली २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीची घरं नियमित करायची वाट केली. ‘माझें घर’ म्हणून जो गाजावाजा झाला, तो याचाच. तिथे खरा प्रश्न असतो घर त्या तारखेआधी उभं होतं का, हा. मालकी सिद्ध करायला जी पावती निरुपयोगी, तीच घराचं वय सांगायला कामाची. तिच्याबरोबर जुनं वीजबिल, बाबांचं रेशनकार्ड असं जे मिळेल ते ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, सत्तरीतल्या पावसात मी कागदांचा लगदा झालेला पाहिलाय.

तुमच्या पत्रात शेवटी दिरांच्या घराचं आहे. ते भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत आहे म्हणता, तर ती गोष्ट वेगळी. तिथे १९७५ चा मुंडकार कायदा (भाटकाराच्या जागेत घर करून राहणाऱ्यांसाठीचा) लागतो आणि मामलेदाराकडे जावं लागतं. दोन्ही अर्ज एकाच धारिकेत घालू नका.

सांग्यात पालिकेची निवडणूक जवळ आली की आमचा प्रभाग कधी महिलांना, कधी आणखी कुणाला राखीव होतो. हे ठरवतं कोण, आणि आमचं कुणी ऐकतं का?
– एक दुकानदार, सांगे

ऐकतात, आणि याचा दाखला तुमच्याच सांग्यात आहे. २०२१ मध्ये पालिका संचालकांनी काढलेलं आरक्षण उच्च न्यायालयाने १ मार्चला पाच पालिकांपुरतं रद्द केलं : मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे आणि सांगे. महिलांना एक तृतीयांश जागा द्यायलाच हव्यात, त्या पुऱ्या दिल्या नव्हत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १२ मार्चला निकाल आला. त्यात आणखी एक गोष्ट निघाली : सरकारने आपल्या कायदा सचिवालाच राज्य निवडणूक आयुक्ताचा जादा कार्यभार दिला होता. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला आयुक्त करता येणार नाही, असं कोर्टाने सांगितलं. या पाच पालिकांत मग एप्रिलमध्ये मतदान झालं.

तुम्ही एवढंच करा. आरक्षणाची अधिसूचना निघाली त्याच दिवशी प्रत मिळवा आणि महिलांच्या जागा मोजा. गणित तिसरीचं आहे. चूक दिसली तर त्याच आठवड्यात वकिलाकडे जा, निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाल्यावर नव्हे.

बाजारात सोपो (बसायच्या जागेचा बाजारकर) घेणारा पावती न देताच पैसे घेतो. विचारलं तर म्हणतो, ‘मी लिलावात घेतलाय.’
– हरमलची मिरची विकणारी, पेडणे

लिलावात त्याने वसुलीचं कंत्राट घेतलं, तुम्हांला नव्हे! दर पंचायतीने ठरवायचा असतो. पंचायतघरात जाऊन दराचा ठराव मागा, आणि पावती नाही तर पैसे नाहीत म्हणून सांगा. एकटीने नको, शेजारच्या चार बायकांना बरोबर घ्या. आणि मिरची संपायच्या आत कळवा, मला अर्धा किलो हवी आहे.