गुडघेदुखीसाठी फ्रँकिन्सेन्स तेलाचे थेंब जिभेखाली घेतले तर चालतील का?

जिभेखाली अजिबात घेऊ नका. गुडघ्याला चोळायला हरकत नाही, पण आराम पडतो तो चोळण्याने. सूज उतरवणारं औषध त्या बाटलीत जवळजवळ नसतंच.

फ्रँकिन्सेन्स हा बॉस्वेलिया झाडांचा डिंक. आपल्या सातपुड्यातली, मेळघाटातली सालई त्यांतलीच. आयुर्वेदातली शल्लकी ती हीच. सूज कमी करणारी बॉस्वेलिक आम्लं या डिंकात असतात, पण त्यांचे रेणू जड. वाफेवर तेल काढताना पाइनीन, लिमोनीन असे हलके, उडून जाणारे घटक वाफेबरोबर निघतात आणि आम्लं मागे चोथ्यात राहतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या नागपूरच्या चाचणीत गुडघेदुखीच्या 30 रुग्णांना दिला होता तो डिंकाचा अर्क, 333 मिलिग्रॅम दिवसातून 3 वेळा, 8 आठवडे. दुखणं आणि सूज कमी झाली, एक्स-रेत मात्र फरक दिसला नाही. अशा अर्काचे गुण सांगून तेल विकणं ही सरळ फसवणूक आहे. अर्क घ्यायचाच तर डॉक्टरांना विचारून घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच.

चोळण्यासाठी 30 मिलि तिळाच्या तेलात 12 थेंब घाला, म्हणजे साधारण 2 टक्के होतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून 48 तास वाट पाहा. खाज सुटली, लाली आली तर विषय सोडून द्या. नुसतं तेल थेट कातडीवर नको, जखमेवर तर नकोच.

जुन्या बाटलीचा मोह धरू नका. झाकण सैल राहून हवा लागत गेली की हेच हलके घटक बिघडतात, आणि ॲलर्जी उठते ती बहुतेक त्यांच्यामुळे. वास टर्पेंटाइनसारखा उग्र यायला लागला की बाटली टाका. गडद काचेची, घट्ट बुचाची बाटली फ्रिजमध्ये ठेवा. विकत घेताना एक थेंब कोऱ्या कागदावर टाकून दुसऱ्या दिवशी बघा: तेलकट डाग राहिला असेल तर त्यात खाद्यतेल मिसळलंय. टर्पेंटाइनची भेसळ मात्र अशी पकडता येत नाही, तेही उडूनच जातं.

दम्याच्या माणसाने वाफारा घेऊ नये. गरोदरपणात आणि लहान मुलांना हे तेल टाळा. मुलाने चुकून गिळलं तर उलटी करवू नका, तेल श्वासातून फुप्फुसात उतरतं. बाटली बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा.