नाकाचं ऑपरेशन करायच्या आधी

अगं, लग्न दोन महिन्यांवर आलेलं असताना नाकाला हात लावूच नकोस. आठवडाभराने प्लास्टर निघतं तेव्हा नाक सुजलेलं, शेंडा वर चढलेला. आरशात बघून रडूच येतं. डोळ्यांखालचं काळंनिळं दोनेक आठवड्यांत जातं, शेंड्याची सूज पूर्ण उतरायला मात्र वर्षही लागतं. पहिल्या रात्री डोक्याखाली उंच उशा, श्वास तोंडाने, ओठ कोरडे ठाक. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून. आणि चष्मा आहे ना तुला? महिनाभर तरी तो नाकावर टेकवायचा नाही, त्याचं काय करायचं ते आधीच विचार. डॉक्टरच्या पाटीवर नुसतं ‘कॉस्मेटिक’ वाचून जाऊ नकोस, प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी आहे का बघ. नुसत्या रूपासाठी केलंस तर मेडिक्लेम सहसा मिळत नाही, पैसे बाजूला ठेव.