काचबिंदू चाळिशीनंतर किती जणांना होतो?

आईला ६१ व्या वर्षी काचबिंदू (डोळ्यामागची नस हळूहळू खराब करणारा आजार) निघाला, तुम्ही स्वतः ४४ चे, आणि हा आजार किती जणांना असतो असं विचारताय. मी डॉक्टर नाही. निपाणीत चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे दिवसभर लोकांचे डोळेच बघतो.

दक्षिण भारतात गावोगाव फिरून झालेल्या पाहण्यांत चाळिशीपुढच्या १०० माणसांत साधारण २ ते ४ जणांना काचबिंदू सापडला. वय वाढेल तसं प्रमाण चढतं. पण त्या सापडलेल्यांपैकी दहातल्या नऊ जणांना त्याचा पत्ताच नव्हता! तेव्हा 'आमच्या गल्लीत कुणालाच नाही' यावर विसंबू नका.

बहुतेकांचा डोळा ना दुखतो ना लाल होतो. कडेची नजर आधी जाते, समोरचं बराच काळ स्वच्छ दिसतं. मध्ये एका गिऱ्हाइकाने तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचली, पण फ्रेम बघायला मी बाजूने आरसा पुढे केला तो त्यांना दिसलाच नाही. चष्मा राहू दे म्हटलं, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं आपल्याकडे धरून चालतात, त्यात हे हमखास निसटतं. 'पिकू दे, मग बघू' हे मोतीबिंदूला चालून जायचं. इथे गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी उरलेली सांभाळायची.

तुम्ही आणि तुमची भावंडं मात्र वरच्या २-४ च्या हिशेबात बसत नाही. आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर धोका कित्येक पट. आणि आमच्याकडचं एक: तंबाखूच्या धुळीने डोळे चुरचुरले की मेडिकलमधून परस्पर थेंब आणतात. त्यात स्टेरॉइड असेल आणि महिनोन्‌महिने घातलं, तर त्यानेच डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो.

तपासायला जाल तेव्हा नुसतं प्रेशर मोजून परतू नका. ते नॉर्मल असूनही काचबिंदू असतो. डोळ्यामागची नस बघा म्हणावं, शंका वाटली तर डॉक्टर फील्ड टेस्ट, म्हणजे कडेची नजर मोजायची तपासणी, सांगतील. आईची फाइल सोबत ठेवा. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास अंधुक दिसतं. बेळगावला जा नाहीतर कोल्हापूरला, गाडी चालवायला दुसरं कुणीतरी न्या.