सिडनीला चाललायस, तर दोन रात्री आकाशासाठी काढ

बहिणीकडे जूनमध्ये चाललायस ना, मग तिकीट काढण्याआधी पंचांग बघ. अमावस्येच्या मागेपुढे चार दिवस धर. चांदणं असेल तर सगळी मेहनत वाया.

शहरात राहून काही दिसायचं नाही. कूनाबाराब्रान गावाजवळचं वारंबंगल राष्ट्रीय उद्यान गाठ. ऑस्ट्रेलियातलं हे पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं उद्यान, २०१६ सालचं. मोटारीने पाच-सहा तास लागतात, पण उजेडातच पोच, अंधार पडला की रस्त्यावर कांगारू येतात. रात्री पारा शून्याखाली जातो, म्हणून कानटोपी, हातमोजे विसरू नकोस.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर आपण त्रिशंकू, दक्षिणेचा तो क्रॉससारखा तारकासमूह, बघितला होता, आठवतं? क्षितिजापासून जेमतेम नऊ-दहा अंश वर, धुरकटात अर्धा बुडालेला. वारंबंगलला तो संध्याकाळीच डोक्याच्या जवळ असतो. मध्यरात्री आकाशगंगेचा गाभा थेट माथ्यावर येतो. मला तर पहिल्यांदा ढगच आलेत असं वाटलं होतं! पहाटे दक्षिणेला कापसाच्या बोळ्यांसारखे दोन फिकट पुंजके शोध. ते मॅगेलनचे मेघ, म्हणजे आपल्या शेजारच्या दीर्घिका (गॅलेक्सी). साताऱ्यातून ते कधीच धड दिसत नाहीत.

डोळे अंधाराला सरावायला हवेत, म्हणून मोबाइल अर्धा तास खिशात ठेव. टॉर्चला लाल जिलेटिन लाव. दुर्बीण नसली तरी चालेल, सतरंजी मात्र ने.