नववीचा वर्ग प्रथमच हाती घेताना

मागे पडलेल्या विद्यार्थ्याला जादा तासाला बसवण्याआधी त्याची चूक नेमकी कुठे होते, ते शोधा, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. बीजगणितात नापास होणाऱ्या मुलाची कच्ची वही पाहिलीत, तर पुष्कळदा समीकरण बरोबर मांडलेले असते, पण उणे सात अधिक तीन याचे उत्तर उणे दहा लिहिलेले आढळते. अशा मुलाला नववीचाच धडा पुन्हा शिकवून उपयोग नसतो, त्याला पूर्णांक संख्यांपर्यंत मागे न्यावे लागते, आणि तेही वर्गासमोर नव्हे.

तोंडी उत्तरे अचूक देणारे, मात्र लिहिताना अक्षरे गाळणारे मूल आळशी आहे, असे ठरवून टाकू नका. अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या अडचणीचे, प्रमाणपत्र असल्यास दहावीच्या मंडळाच्या परीक्षेत वाढीव वेळेसारख्या सवलती मिळतात; तपासणीला वेळ लागतो, म्हणून पालकांशी नववीतच बोला. बोलताना आधी मुलाला काय येते ते सांगा. पालकसभेत सर्वांदेखत गुणांचा विषय काढलात, तर ते पालक पुन्हा शाळेत येणार नाहीत.

मधल्या सुट्टीत कोण एकटा डबा खातो, याकडेही लक्ष असू द्या. एखादी मुलगी जिवाचे बरेवाईट करण्याविषयी बोलली, तर कोणाला सांगणार नाही असे वचन देऊ नका. तिला एकटी न सोडता मुख्याध्यापकांना व समुपदेशकांना त्याच दिवशी कळवा. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक वर्गात ठळक लावून ठेवा.